भावाला पेनकिलर कॅप्सूलचं व्यसन, मोबाईलवरून ट्रीटमेंट होते का? (रावेर साईड)

केळीपट्टा_रावेर

रामराम मंडळी. आयडी नवीन आहे, मुद्दाम काढलाय, कारण गावातली निम्मी पोरं इथं वाचतात आणि घरात बहिणीच्या सोयरिकीचं चालू आहे, त्यामुळे नाव-गाव विचारू नका.

माझा लहान भाऊ केळीच्या गाड्या भरतो. घड डोक्यावर घेऊन चिखलातून बांधापर्यंत यायचं, मग ट्रॅक्टर, मग ट्रक, आणि गाड्यांचा जोर असला की रात्री दोनला पण फोन येतो. कंबर लागली तेव्हा टोळीतल्याच एकाने कॅप्सूल दिली, दुखणं पण गेलं आणि वर अंगात तरतरी, असं करत करत आता रोजचं झालंय. आधी एक, मग दोन, आता एक स्ट्रिप किती वेळ पुरते ते त्यालाच माहीत. स्ट्रिपच्या मागे ट्रामाडॉल लिहिलंय, मी फोटो काढून ठेवलाय. मध्ये खोकल्याचं औषध पण चालू होतं, बाटली गादीखाली सापडली, तिच्यावर कोडीन.

सोडायचं त्याने स्वतःच मनावर घेतलं होतं, पोरगा वाईट नाही. दुसऱ्या दिवशीच नाक गळायला लागलं, जांभया थांबेनात, पायात ओढ, जुलाब, अंगावर काटा, रात्रभर अंगणात फेऱ्या. आईला वाटलं हिवताप. शेवटी कुठून तरी कॅप्सूल आणली आणि थोड्या वेळात ठणठणीत, जेवायला बसला. तेव्हा कळलं की हे नुसतं मनाचं नाही.

आता प्रश्न. जळगावला मानसोपचारवाल्या डॉक्टरकडे न्यायचं तर अख्खा दिवस जातो, रोज बुडतो, दर आठवड्याला बोलावलं तर टोळीतून नाव कटलंच समजा. त्यात रावेर स्टँडवर कोणी ना कोणी भेटतंच, कुठं निघाले भाऊ. फेसबुकवर जाहिराती येऊन राहिल्या की घरबसल्या व्हिडिओ कॉलवर व्यसनमुक्ती, औषध कुरियरने. आतेभाऊ म्हणतो अमेरिकेत तर खेड्यापाड्यात असंच चालतं, फोनवर डॉक्टर आणि जवळच्या मेडिकलवर गोळी. आपल्याकडे असं काही खरंच आहे का पैसे काढायचे धंदे? आणि दवाखान्यात सांगितलं तर पोलिसात नाही ना अडकणार पोरगं?

लांबलं, सॉरी.

तापीकाठचा_आबा

माळ घाला त्याला. आमच्या गावात पक्के दारूडे माळ घातल्यावर सुटले, आज वारीत पुढे असतात. डॉक्टर लोकं एक गोळी बंद करून दुसरी चालू करतात आणि जन्मभराचं गिऱ्हाईक करून ठेवतात. पैसे जास्त झाले असतील तर जा.

भुसावळ_जंक्शन

हे सगळं पंजाबात ऐकलं होतं, आपल्या खानदेशात कुठून आलं? इकडे दारू, गुटखा, फार तर सातपुड्यातला गांजा.

मेडिकलवाला_चोपडा

जंक्शन भाऊ, काउंटरवर एक महिना उभे राहा मग कळेल. २०१९ मध्ये एम्सने केंद्र सरकारसाठी देशभराचा सर्व्हे केला होता, त्यात अफूवर्गातले पदार्थ (ट्रामाडॉल, कोडीन पण त्यातलेच) घेणारे सव्वादोन कोटीच्या वर निघाले, आणि त्यातल्या ज्या साधारण ७७ लाख लोकांना त्याचा त्रास होतोय किंवा व्यसन लागलंय त्यातले निम्म्याहून जास्त मोजक्या राज्यांत आहेत, त्या यादीत पंजाब-हरियाणासोबत महाराष्ट्राचं पण नाव आहे, गुजरातचं पण. आपण गुजरातच्या शेजारीच हायवेवर बसलोय. आणि हे सगळे चिलीम ओढणारे नाहीत, पेनकिलर आणि सिरपवाले त्यात ढिगाने आहेत.

आता मूळ प्रश्न. मी डॉक्टर नाही, मेडिकल चालवतो, पण कायद्याची बाजू रोज हाताळतो म्हणून सांगतो.

ट्रामाडॉल २०१८ पासून एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, शिवाय शेड्यूल एच वन मध्ये, म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे आणि वेगळ्या रजिस्टरला पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं हे सगळं लिहायचं, ते रजिस्टर ३ वर्षं सांभाळायचं. कोडीनच्या सिरपला पण तेच रजिस्टर. तरी तुमच्या भावाला मिळतंय म्हणजे कोणीतरी बिनचिठ्ठी देतंय, आमच्याच धंद्यातला असेल नाहीतर पिशवीत घेऊन फिरणारा असेल.

मोबाईलवरून ट्रीटमेंटचं म्हणाल तर २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, सरकारने टेलिमेडिसिनचे नियम काढले. त्यात औषधांच्या याद्या केल्यात. काही औषधं फोनवर पण लिहून देता येतात, काही पहिल्यांदा व्हिडिओवर बघूनच, काही फक्त जुन्या पेशंटला फॉलोअपच्या वेळी. आणि शेवटची यादी मनाईची, त्यात एनडीपीएसमधलं जवळजवळ सगळं. अफूवर्गाच्या व्यसनाला जी मुख्य गोळी देतात ती बुप्रेनॉर्फिन, नॅलोक्सोन मिसळलेली, ती पण एनडीपीएसमध्येच येते. म्हणजे कितीही मोठा डॉक्टर असला तरी व्हिडिओ कॉल करून ही गोळी नव्याने लिहून देऊ शकत नाही. आमच्यासारख्या साध्या मेडिकलवर ती येतच नाही, ती व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या दवाखान्यांकडेच असते.

मग फेसबुकवाला कुरियरने काय पाठवतो? एक तर चहात टाकायची पावडर, 'पेशंटला न कळवता द्या' अशी. पुडीवर काय आहे ते लिहिलेलं नसतं, माझ्याकडे लोकं घेऊन येतात विचारायला. नाहीतर कधी कधी नाल्ट्रेक्सोन. हे खरं औषध आहे, चांगलं आहे, पण ते अफूवर्गाच्या विरुद्ध काम करतं. अंगात कॅप्सूल असताना दिलं तर जे तुमच्या भावाला दुसऱ्या दिवशी झालं ते अर्ध्या तासात आणि कितीतरी जोरात होतं. सात-दहा दिवस पूर्ण कोरडा गेल्यावरच ते चालू करतात. कुरियरवाल्याला कुठं माहीत पोराने सकाळी काय खाल्लं.

आणि एक, ट्रामाडॉल जास्त घेणाऱ्याला फिट येऊ शकते. त्याला एकटं गाडी चालवू देऊ नका, आणि बरं नाही म्हणून वरून झोपेची गोळी किंवा दारू तर अजिबातच नाही, श्वास मंद होतो.

आबा, माळेला माझा विरोध नाही, माझ्या वडिलांच्या गळ्यात आहे. पण ते जुलाब आणि पायातली ओढ माळेने थांबत नाही.

धुळे_यंत्रमाग

वरच्या मेडिकलवाल्या दादांच्या झोपेच्या गोळीवरून आठवलं म्हणून मध्ये बोलतो. आमच्याकडे धुळ्यात आणि मालेगावात ती कुत्ता गोली चालते ना, पोरांना वाटतं ती पण तसलीच पेनकिलर. ती नाही. ती बहुतेक अल्प्राझोलम असते, झोपेच्या-घबराटीच्या गोळ्यांचा वर्ग वेगळा. तिचं व्यसन असलेल्याने एकदम बंद केली तर झटके येतात, जीवावर बेततं, हळूहळू कमी करावी लागते डॉक्टरच्या हाताखाली. आमच्या गल्लीतल्या पोराला असंच घरच्यांनी खोलीत कोंडून 'सोडवायला' ठेवलं होतं, तिसऱ्या रात्री फिट आली, तोंड फुटलं. म्हणून पहिले भावाला नीट विचारा दोन्ही चालू आहे का. कॅप्सूलवाले बऱ्याचदा रात्री ती पण घेतात, आणि डॉक्टरला फक्त एकच सांगतात.

आग्रारोड_शिरपूर

काय भो, टेन्शन नको लेवू. मी स्वतः त्यातून आलोय म्हणून लिहितो.

ट्रक चालवतो, इंदूर-मुंबई, पुढे कधी राजस्थान. मंदसौर-नीमचकडे अफूची लायसनवाली शेती आहे, सगळ्यांना माहीत आहे, तिकडून डोड्याचा (अफूच्या बोंडाच्या टरफलाचा) भुगा ढाब्यावर चहासारखा मिळायचा, रात्र काढायला घेतला आणि मग त्याच्याशिवाय स्टेरिंगवर हातच बसेना. डोडा मिळाला नाही की ह्याच्या भावाच्या कॅप्सूल. एकाच घरातल्या वस्तू आहेत ह्या, एक नाही मिळाली तर दुसरी चालते, म्हणून लवकर कळतच नाही अडकलो ते.

आधी घरच्यांनी एका खाजगी केंद्रात टाकलं. नाव घेत नाही. मोबाईल काढून घेतला, भांडी घासायला लावली, रात्री पाय दुखतात म्हणून ओरडलो तर मारलं. घरच्यांना सांगायचे पेशंट मस्त आहे. बाहेर आलो तेव्हा अंग कोरडं होतं पण डोकं तिथंच. ज्या दिवशी परत घेतलं त्या दिवशी जुना डोस घेतला, आणि अंगाला सवय राहिलेली नसते ना, क्लीनरने तोंडावर पाणी मारून मारून उठवला मला, ओठ निळे पडले होते म्हणे. हे फार महत्त्वाचं आहे, सुटल्यानंतर परत घेणारे पोरं ह्याच कारणाने जातात.

नंतर सरकारी सेंटरला गेलो, तिथे ती जिभेखालची गोळी. पहिल्या दिवशी नशेचं काही न घेता, त्रासात बोलावतात, म्हणजे अंग तुटायला लागलेलं पाहिजे, नाक गळायला लागलेलं पाहिजे, आधीची नशा उतरलेली पाहिजे, नाहीतर गोळी उलटी पडते. म्हणून डॉक्टर नाडी बघतो, डोळ्याच्या बाहुल्या बघतो, हाताला घाम आहे का बघतो, मग छोटी गोळी. जिभेखाली ठेवायची आणि गप्प बसायचं, पाणी नाही, थुंकी गिळायची नाही, बोलायचं नाही. सिस्टर समोर बसते. विरघळली की तोंड उघड, जीभ वर कर. कडू लागते. तासाभरात अंगातली ओढ जी गेली ना, मी बाकड्यावरच झोपलो.

आता आबांसाठी. गोळीच्या जागी गोळी म्हणणारे माझ्या घरी पण होते. फरक असा की ह्या गोळीने गुंगी चढत नाही मला, आणि जास्त खाल्ली तरी एका मर्यादेच्या वर तिचा असर वाढत नाही, हे डॉक्टरने समजावलं. शुगरवाला रोज गोळी घेतो त्याला कोणी नशेडी म्हणत नाही. मी गाडी चालवतो, हप्ते भरतो, पोरगी शाळेत जाते.

फोनचं सांगायचं राहिलं. सुरुवातीला रोज जावं लागलं, ते टळत नाही. पण नंतर बसलं तब्येतीत की काही दिवसांच्या गोळ्या घरी देतात, किती दिवसांच्या ते डॉक्टर ठरवतो. मधल्या काळात तिथले काउन्सेलर फोन करतात. मी कुठं असलो तरी. मध्यंतरी गाडी लोडिंगला उभी, जुना दोस्त भेटला आणि पुडी पुढे केली, मी केबिनमध्ये चढलो आणि काउन्सेलर सरांना लावला, ते पोराचा अभ्यास घेत होते तरी बोलत राहिले माझ्याशी गाडी भरेपर्यंत. गोळी फोनवर मिळत नाही, पण हे मिळतं, आणि माझं तर ह्याच्यावरच टिकलंय.

भाऊले लवकर दवाखानामा लई जा भो, बाकी मंग दखूत.

सावदा_ते_ओहायो

मूळ सावद्याचा, सध्या अमेरिकेत ओहायोत, दवाखान्याच्या आयटीत काम आहे त्यामुळे हा विषय रोज कानावर पडतो. आतेभाऊ बरोबर बोलला पण अर्धंच.

इथं पण आधी नव्हतं. २००८ चा एक कायदा आहे, त्याने एकदा तरी समोरासमोर तपासल्याशिवाय अशी औषधं ऑनलाईन लिहायला बंदी होती. त्यात आणखी भानगड, बुप्रेनॉर्फिन लिहायला डॉक्टरला वेगळी परवानगी काढावी लागायची, मग खेड्यातले डॉक्टर कशाला त्या फंदात पडतात, कित्येक काउंट्यांत लिहून देणारा एकही नव्हता. काउंटी म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्यासारखं धरा. लोकं तास-दोन तास गाडी चालवत जायचे. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे ती समोरासमोरची अट सैल केली, साध्या फोनवर पण चालेल म्हणाले. डिसेंबर २०२२ मध्ये ती वेगळी परवानगी पण रद्द केली. जानेवारी २०२५ मध्ये तर नियम जाहीर केला की नव्या पेशंटला सुद्धा फोन किंवा व्हिडिओवर तपासून सुरुवातीच्या ६ महिन्यांपर्यंत देता येईल, फक्त त्या राज्याच्या ऑनलाईन नोंदीत त्याला आधी कुठून काय मिळालंय ते तपासायचं.

घाबरलेले लोकं होते, की फोनवर दिली तर गोळ्या बाजारात विकतील. पण सरकारी विमा मेडिकेअरमधल्या पेशंटांचा मोठा अभ्यास झाला, ज्यांना कोविडच्या काळात फोन-व्हिडिओवर सेवा मिळाली ते उपचारात जास्त टिकले आणि ओव्हरडोसचं प्रमाण त्यांच्यात कमी दिसलं. मला विचाराल तर आपल्याकडे पण निदान जुन्या, स्थिर झालेल्या पेशंटसाठी ही अट सैल करायला पाहिजे. धडगावच्या माणसाने गोळीसाठी दिवस घालवायचा हे काही बरोबर नाही.

पण एक लक्षात घ्या, इथला माल वेगळा आहे. इथं फेंटानिल आहे, अफूवर्गातलंच पण कितीतरी जोराचं, एका चुकीच्या गोळीत माणूस जातो, म्हणून इथं घाई जास्त. आणि इथल्या खेड्यात पण नेटची बोंब आहेच, म्हणून तर साध्या फोनला परवानगी द्यावी लागली.

सीएचओ_तळोदा

मी उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे, आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात आता. ओहायोवाल्या दादांनी धडगावचं नाव काढलं म्हणून लिहायला बसले. नेटवर्कचं तर बोलूच नका, पहिल्या पोस्टिंगला मोलगीकडे होते तेव्हा व्हिडिओ कॉलसाठी टेकडीवर चढायचो, पेशंटला घेऊन.

दादा, तुमच्यासाठी जे खरंच उपलब्ध आहे ते सांगते.

टेलिमानस, नंबर १४४१६. फुकट आहे, रात्री-बेरात्री पण चालू, मराठीत बोलतात. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढे मानसोपचार तज्ज्ञाकडे देतात. इथून गोळी मिळणार नाही पण काय चाललंय ते सांगून पुढचा रस्ता कळतो, आणि नुसता तो नाही, घरचे पण बोलू शकतात. तुम्ही आज रात्री शेतात जाऊन लावा, कोणाला कळत नाही. दुसरा १४४४६, हा खास व्यसनमुक्तीचा सामाजिक न्याय मंत्रालयाचा, इथे विचारा की तुमच्या जिल्ह्यात किंवा जवळ बुप्रेनॉर्फिन देणारं सरकारी केंद्र कुठे आहे. सरळ त्या गोळीचं नाव घेऊन विचारा, नाहीतर दारूवाल्या केंद्राचा पत्ता देतात कधी कधी.

तिसरं ई-संजीवनी. तुमच्या उपकेंद्रावर जी सीएचओ असेल ती तिच्या टॅबवरून मोठ्या डॉक्टरशी तुमचं बोलणं लावून देते. फायदा असा की बीपी, नाडी, वजन मी समोर बघून डॉक्टरला सांगू शकते, घरून व्हिडिओ लावला तर ते होत नाही. जुलाब, उलटी, अंगदुखी, झोप याची साधी औषधं तिथून लिहून मिळू शकतात. मनाईच्या यादीतलं नाही मिळणार, ते मेडिकलवाल्या दादांनी सांगितलंच.

लाजेचं म्हणाल तर खरं आहे. आशाताई गावातलीच, केसपेपर खिडकीवर गावातलाच पोरगा. माझ्याकडे एक जण येतो तो 'कंबरदुखी' म्हणून कागद काढतो, आत आल्यावर बोलतो. मी चालवून घेते. कंबरदुखी खोटी थोडीच आहे? तुमच्या भावाच्या कंबरेचा पण कोणीतरी नीट इलाज करायला पाहिजे, नाहीतर व्यसन सुटलं तरी पहिल्याच गाडीला परत दुखणार आणि दुखलं की हात तिकडेच जाणार. डॉक्टरला हे वेगळं सांगा, हाडाच्या डॉक्टरकडे पण दाखवा, आणि पेनकिलर लिहून देताना त्यांना व्यसनाचं आधी सांगा. ते न सांगितल्यामुळे पुन्हा ट्रामाडॉलच लिहून मिळालेले पेशंट बघितलेत मी.

अमळनेर_वकील

पोलिसांचा प्रश्न सुटला वाटतं सगळ्यांकडून. थोडक्यात. एनडीपीएसचं कलम २७ नशा करण्याबद्दल आहे. पण त्याच कायद्यात कलम ६४अ आहे, जो व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य दवाखान्यात व्यसनमुक्तीचे उपचार घेतो त्याच्यावर कलम २७ चा किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. अट एवढीच की उपचार पूर्ण घ्यायचे, अर्धवट सोडले तर संरक्षण काढून घेता येतं. विकणाऱ्याला हे लागू नाही, त्यामुळे भाऊ टोळीत दुसऱ्यांना आणून देत असेल तर ते आजच बंद करायला लावा, 'मित्रासाठी आणलं' हे कोर्टात चालत नाही.

आणि मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजार येतात. डॉक्टरने माहिती गुप्त ठेवायची हे त्यात आहे, आणि पेशंटला साखळीने बांधायला सक्त मनाई आहे. शिरपूरवाल्या भाऊंसोबत जे झालं त्याची तक्रार होऊ शकते, व्यक्तिगत मेसेज करा.

केळीपट्टा_रावेर

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. काल रात्री गोठ्यात बसून १४४१६ लावला. आधी मी बोललो मग त्याला दिला, तो आधी हं हं करत होता, मग माझ्याकडे पाठ करून लांब गेला आणि बराच वेळ बोलला. काय बोलला विचारलं नाही. झोपेच्या गोळ्यांचं विचारलं तर म्हणे नाही, फक्त कॅप्सूल आणि सिरप. धुळेवाल्या दादांमुळे विचारलं, नाहीतर डोक्यातच आलं नसतं.

१४४४६ वर केंद्राचं विचारून घेतलं. मुकादमाला सांगितलंय की कंबरेचा एक्स-रे काढायचाय, काही दिवस येणार नाही, जे खरंच आहे. अडचण अशी की पहिल्या दिवशी गोळी न घेता त्रासात न्यायचं म्हणतात शिरपूरवाले, मग बसमध्ये एवढा वेळ कसा नेऊ? जुलाब लागले तर?

आग्रारोड_शिरपूर

बसने नेऊच नको, ओळखीची गाडी कर, पिकअप असली तरी चालेल. आणि कधीपासून बंद करायची ते स्वतः ठरवू नको, ट्रामाडॉलला फिटचं पण असतं. आधी केंद्रावर फोन करून विचार, शेवटची कॅप्सूल किती वाजता घेतली ते सांग, ते वेळ देतात. मीठ-साखरेचं पाणी बाटलीत भरून ठेव, दोन जुने टॉवेल, एक चादर, त्याला घाम पण येईल आणि थंडी पण वाजेल. काही केंद्रं पहिल्या दिवशी तिथंच ठेवून घेतात, तेही विचारून घे म्हणजे तू डब्याची सोय करशील.

मेडिकलवाला_चोपडा

रिकाम्या स्ट्रिपा आणि सिरपची बाटली बरोबर न्या, फोटोपेक्षा ते बरं. मिलिग्रॅम बघतात. आधार कार्ड विसरू नका. आणि घरात उरलेल्या कॅप्सूल तुमच्याजवळ ठेवा, त्याच्याजवळ नको, पण डॉक्टर सांगेपर्यंत फेकू पण नका.

तापीकाठचा_आबा

जाऊन या बाबा. बरं होवो पोराचं. गाडी लागली तर माझी बोलेरो आहे, फैजपूरला असतो, डिझेल टाका बस. माळेचं नंतर बघू.

यावल_शेतकरी

धागा वाचला, चांगली माहिती. माझा मेव्हणा आहे, त्याला कॅप्सूल वगैरे काही नाही, फक्त देशी, सकाळपासून. त्याला पण ही जिभेखालची गोळी चालेल का? आणि आम्ही उद्यापासून त्याची एकदम बंद करतोय, घरात ठेवून, सासरेबुवांनी ठरवलंय.

सीएचओ_तळोदा

दादा थांबा. ही गोळी दारूसाठी नाही, आणि दिवसभर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसायला लागतात, माणूस दगावू शकतो. सासरेबुवांना उद्याचं थांबवायला सांगा. तो दिवसाला किती पितो, आधी कधी बंद केल्यावर फिट आली होती का, हात थरथरतात का, एवढं विचारून आज १४४१६ ला फोन करा, आणि सिव्हिलला नेऊन डॉक्टरच्या देखरेखीत बंद करा. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथं रावेरवाल्या दादांचं चालू आहे.